भैरूचं गुरगुरणं

मंडळी, आख्यान लावण्याआधी एकच विचारते. घरात कुणीतरी कुरकुर करतंय. आपण म्हटलं, ‘गप्प!’ आणि ते गप्प झालं. आता सांगा, आवाज गेला म्हणजे त्याचं दुखणं गेलं का?

हां! माना हलल्या. पण कशा हलल्या? बायकांच्या आडव्या आणि पुरुषांच्या उभ्या! असू दे. उत्तर आत्ता नकोच. शेवटी मागून घेईन.

अहो आई, तिला गप्प करू नका हो! कुरकुरू दे. मंडळी, तिसऱ्या खांबापाशी लाल झबल्यात बसल्यात ना, त्या आमच्या कन्या. वय वर्षे सव्वा. मी उभी तुमच्यासमोर, पण एक डोळा तिकडे असतो. रागावू नका, आईच्या डोळ्यांची वाटणी अशीच असते!

आता समोर बघा. गाभाऱ्यात दत्तमहाराज. पायाशी कोण? चार कुत्री. आपण महाराजांच्या पायावर डोकं ठेवतो, त्या चौघांवरही एकेक फूल ठेवतो. आणि बाहेर आलो, चपलांपाशी एखादं बसलेलं दिसलं की? ‘हाऽऽड्!’ बरोबर ना? आजचं आख्यान पाचव्या कुत्र्याचं आहे. ऐका.

सांगलीत मगदुमांचं घर. तात्या मगदूम, शाळेत चौतीस वर्षं ड्रिलमास्तर. निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातून उतरली नाही. त्यांच्या पत्नी अक्का. मुलगा संग्राम. सून उत्कर्षा. दहा महिन्यांची नात रेवा. आणि भैरू! तांबूस रंग, एक पाय पांढरा, शेपूट तुतारीसारखी वळलेली. कुठली जात? गावठी! तात्या म्हणायचे, “जात विचारू नका, शिस्त बघा!”

आणि शिस्त काय होती! तात्यांनी शिट्टी मारली की भैरू बसला. हात वर केला की उठला. ताटली समोर असली तरी ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड लावणार नाही. मंडळी, आपल्याकडे महाप्रसादाला असं होतं का? पेटीवाले काका हसतात बघा. त्यांना अनुभव आहे!

आणि दर गुरुवारी अक्कांचा एक नेम होता. सकाळी पूजा झाली की भैरूला दारात बसवायचं, डावा कान धरून मान वर करायची, कपाळाला अष्टगंधाचं बोट लावायचं आणि दूध-पोळी घालायची. “महाराजांचं जनावर आहे रे,” म्हणायच्या. भैरूही डोळे मिटून बसायचा, अगदी मुंजीतल्या बटूसारखा!

चांगलं चाललेलं घर. मग रेवा रांगायला लागली.

आता उत्कर्षाचं सांगते. शिकलेली मुलगी, एम.एस्सी. झालेली. पण बाळ झालं आणि जिवाला घोर लागला. बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून बघायची, श्वास चाललाय ना? हसू नका, इथल्या निम्म्या बायांनी हेच केलंय! तिच्याकडे एक वही होती. दूध किती वाजता, शी किती वाजता, शिंका किती. संग्राम चेष्टा करायचा, “अगं, ही पोरगी आहे की हवामान खातं?” ती म्हणायची, “हसा. लिहिलं तर दिसतं.”

एका सकाळी तात्यांनी भैरूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भैरू गुरगुरला. गुर्रर्र!

तात्या चकित! सात वर्षांत कधी नाही ते! त्यांनी हातातल्या पेपरची गुंडाळी केली, आपल्याच तळहातावर फट्कन हाणली. “भैरू! गप्प!”

भैरू गप्प झाला.

दोन दिवसांनी रेवा रांगत त्याच्याजवळ गेली. गुर्रर्र! फट्! “गप्प!” पुन्हा गप्प. आणखी एकदा तसंच. आणि चौथ्या वेळी? रेवा जवळ गेली, भैरूनं नुसती मान वळवली. आवाज नाही.

तात्यांनी मिशीवर हात फिरवला. “बघा! आठवड्यात सुधारला!”

मंडळी, सुधारला का?

आत्ता कशा सगळ्यांच्या माना आडव्या हलल्या! पण तेव्हा तिथे तुम्ही नव्हता, आणि तात्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

गुरुवार आला. अक्कांच्या मनात आलं, आज टिळा नातीच्या हातानं लावायचा. भैरू दारात बसलेला. अक्कांनी रेवाला कडेवरून खाली घेतलं, तिचं इवलंसं बोट अष्टगंधात बुडवलं. उत्कर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं काय पाहिलं? भैरूनं तोंड फिरवलं. ओठावरून जीभ फिरवली. जांभई दिली. आता झोपेची वेळ नाही, भुकेची आहे. मग जांभई कशाला?

“अक्का, थांबा ना जरा. मला याचं काही बरं दिसत नाही.”

“अगं, काय होतंय! देवाचं लेकरू आहे ते. तुझं आपलं सगळ्याला भ्यायचं!”

आणि रेवानं काय करावं? कपाळ सोडलं आणि डावा कान मुठीत धरला. ओढला!

खट्ट!

दात वाजले, मंडळी. रेवाच्या हातापासून चार बोटांवर, हवेत! लागलं नाही. ओरखडासुद्धा नाही. पण रेवानं जो टाहो फोडला! अक्कांच्या हातातली वाटी खाली. उत्कर्षानं झेप घेऊन पोरीला उचललं. आणि भैरू? तो ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटून उभा. थरथरत होता.

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. संग्राम म्हणाला, “बास! रविवारी शिरोळला मामांच्या मळ्यावर सोडून येतो. तिथे राहील साखळीला.”

अक्का रडायला लागल्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? उत्कर्षा! “रविवार कशाला? आजच न्या! माझ्या पोरीचं बोट गेलं असतं!”

तिला नावं ठेवू नका हं. मी तर मुळीच ठेवणार नाही. माझा हा एक डोळा तिकडे आहे ना, त्याला विचारा.

पण गाडी मिळाली नाही, आणि रविवार उजाडेपर्यंत भैरू मागच्या अंगणात, फाटकाच्या आत. उत्कर्षा रेवाला घेऊन खिडकीत. कशासाठी? पहारा! फाटकाची कडी नीट आहे ना, हे दर पाच मिनिटांनी बघायला. भीतीनं बघत होती, पण बघत होती! मंडळी, भीती दोन जातींची असते. एक डोळे मिटून किंचाळते. दुसरी डोळे उघडे ठेवते. पहिलीनं घर हैराण होतं, आणि दुसरीनं कधी कधी वाचतं.

काय दिसलं तिला? भैरू डोकं झटकतोय. पुन्हा झटकतोय. मान डावीकडे कलती. मागच्या पायानं कान खाजवायला जातो आणि कळवळून थांबतो. भिंतीला डोकं घासतो. डावीच बाजू!

तिला वाटलं, हे आपण पाहिलंय! कुठे? वही काढली, पानं उलटली. महिन्यापूर्वीचं पान: ‘रेवा रात्रभर रडली. उशीवर डोकं घासते. डावा कान ओढते.’ तेव्हा घर काय म्हणालं होतं? ‘नजर लागली’, ‘हट्टी झालीय’. मीठमोहऱ्या उतरून झाल्या होत्या. शेवटी हिनंच डॉक्टरांकडे नेलं, तर कान सुजलेला निघाला.

रेवा बोलू शकत नव्हती, म्हणून रडली. भैरू बोलू शकत नव्हता, म्हणून गुरगुरला. रेवाला औषध मिळालं. आणि भैरूला? पेपरची गुंडाळी!

रविवारी सकाळी गाडी दारात उभी. संग्राम साखळी घेऊन निघाला. ही आडवी उभी राहिली, रेवा कडेवर.

“शिरोळला नाही. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे.”

“अगं, गुरुवारी तूच म्हणालीस ना, आजच न्या म्हणून?”

“म्हणाले. आणि आता हेही मीच म्हणतेय. त्याचा कान दुखतोय. असाच मळ्यावर साखळीला बांधलात, कुणी गडी त्याच्या डोक्याला हात लावेल आणि हा चावेल. मग तिथे पेपर नसतो, काठी असते!”

तात्या इतका वेळ खुर्चीत. ते उठले, चपला घातल्या. “चला. मी येतो.”

डॉक्टर कोळेकर बाई. वयानं लहान, पण हात अनुभवी. भैरूच्या तोंडाला मुसकं बांधलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानात बारीक दिवा धरला. म्हणाल्या, “बापरे!” आणि चिमट्यानं काहीतरी ओढून पांढऱ्या ताटलीत ठेवलं.

काय होतं? कुसळ! गवताचं कुसळ! नखाएवढं, पू-रक्तानं माखलेलं.

“आठ-दहा दिवस आत असणार. पुढेपुढेच सरकतं हे. वाळक्या गवतात फिरायला नेता का याला?”

कोण नेत होतं? तात्या! रोज पहाटे, शाळेच्या मागच्या मैदानात. शिस्तीचा व्यायाम! तात्यांची मान खाली गेली.

गुरुवारची हकिकत ऐकून बाईंनी विचारलं, “एवढं दुखत असताना हा आधी गुरगुरला कसा नाही?”

“गुरगुरला होता,” तात्या म्हणाले. “मी बंद केलं. आठवड्यात शिकला.”

बाई रागावल्या नाहीत, मंडळी. म्हणाल्या, “मास्तर, रेल्वेच्या फाटकावर घंटा वाजते. तिचा त्रास होतो म्हणून आपण घंटा काढून टाकली, तर गाडी यायची थांबते का? गुरगुरणं म्हणजे त्याची घंटा. ‘जवळ येऊ नका, मला सोसत नाही.’ तुम्ही घंटा काढलीत. मग त्याच्याकडे दातच राहिले. आणि तेही त्यानं हवेत वाजवले. मनात असतं तर बोट त्याच्यापासून लांब नव्हतं.”

मग उत्कर्षाकडे वळल्या. “पण ताई, तुमची काळजी सोडू नका हं. कान बरा झाला तरी बाळ आणि कुत्रं दोघांनाच कधी ठेवायचं नाही. मधे मोठं माणूस हवंच. आणि त्याला स्वतःची एक जागा द्या, जिथे बाळ पोचणार नाही.”

दहा दिवस कानात थेंब. सकाळ-संध्याकाळ. कोण घालायचं? तात्या! चौतीस वर्षं पोरांचे कान पिरगाळलेला माणूस, आता एका कुत्र्याच्या कानात श्वास रोखून थेंब सोडतोय! आधी जवळ बसायचे. मग भाकरीचा तुकडा. मग हात. भैरूनं मान वळवली की हात मागे! “नको? बरं, थांबतो बाबा.” अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “एवढं लाडानं माझ्याशी कधी बोलला नाहीत!”

ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं, मधे छोटं लाकडी फाटक लावलं. ‘जागेवर’ म्हटलं की भैरू तिथे, वर तुकडा बक्षीस. अक्कांचा गुरुवार चालूच राहिला, पण टिळा आता दाराच्या चौकटीला. दूध-पोळी भैरूला. अक्का म्हणाल्या, “महाराजांना चालतं. मी विचारलं.” काय उत्तर आलं असेल, त्यांनाच ठाऊक!

कान बरा झाला. पण भैरू? गुरगुरेना! कुणी पायावर पाय दिला तरी गप्प. तो शिकलेला धडा विसरेना. उत्कर्षाला त्या शांततेचीच भीती वाटायची. घरात कुत्रा गुरगुरत नाही म्हणून काळजी करणारं हे एकच घर असेल!

मग एका संध्याकाळी ओसरीवरचं फाटक राहिलं उघडं. भैरू गोणपाटावर हाड चघळतोय. रेवा रांगत निघाली, थेट हाडाकडे! तात्या जवळच पेपर वाचत होते. उत्कर्षा दारातून धावली. आणि तेवढ्यात...

गुर्रर्र...

बारीक. घाबरत घाबरत. तात्यांच्या हातातल्या पेपराकडे बघत.

तात्यांनी एका हातानं रेवाला उचललं. दुसऱ्या हातात पेपर होता, तो त्यांनी खाली ठेवला. गुंडाळी न करता, सपाट. आणि म्हणाले, “शाब्बास, भैरू! शाब्बास! सांगितलंस बरं केलंस.”

“अक्का!” उत्कर्षा ओरडली. “भैरू गुरगुरला!”

अक्का धावत आल्या, हातात साखरेचा डबा. सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर! संग्राम ऑफिसातून आला, चपला काढतोय तोच हातावर साखर. “काय झालं? रेवा चालायला लागली?” “नाही रे! भैरू गुरगुरला!”

तर मंडळी, आता माझं उत्तर द्या. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं का?

‘नाही’ सगळेच म्हणालात. सोपं आहे, कुत्र्याची गोष्ट होती! आता जरा स्वतःच्या घरात या. आठवा. आपल्या घरात हल्ली कोण फार शहाणं झालंय? पूर्वी जेवणावरून कटकट करायचे ते सासरे आता मुकाट जेवतात? शाळेत जायला रडणारा मुलगा हल्ली रडत नाही? सून सगळ्याला ‘हो’ म्हणते? आणि आपण काय म्हणतो? ‘देवाची कृपा, घरात शांतता आहे!’ अहो, एकदा बघून घ्या! कृपा आहे, की कधीतरी आपणच पेपरची गुंडाळी केली होती?

आज घरी गेलात की त्या माणसापाशी जाऊन बसा. उपदेश नको. एवढंच विचारा, ‘काही दुखतंय का?’ आणि ते कुरकुरलं, तर देवापुढे साखर ठेवा. कारण ज्यानं कुरकुर केली, त्याचा अजून आपल्यावर भरवसा आहे.

हे काय? ऐकलंत? आमच्या कन्या! आत्ता सूर बदलला हो, मघाचा नाही हा. हा कंटाळ्याचा नाही, भुकेचाही नाही...

राहू द्या आई, गप्प करू नका. आले मी. मंडळी, महाराजांचा गजर तेवढा तुम्ही उचलून धरा. या चिपळ्या धरा काका. मला आधी तिचं ऐकू द्या!