पटावरची नऊ मुलं

बाईंच्या घरची माणसं, गावकरी मंडळी आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

या शाळेच्या पडवीत एवढी माणसं मी शेवटची कधी बघितली, आठवत नाही. मी सलीम. तुम्ही ओळखता मला. सकाळी पिवळी व्हॅन घेऊन दारात हॉर्न मारणारा. मला भाषण येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. चुकणं मला नवीन नाही. तेच सांगायला उभा राहिलोय.

सुजाताबाई गेल्या. मंगळवारी शाळा सुटल्यावर घरी गेल्या आणि बुधवारी सकाळी उठल्याच नाहीत.

बाईंची पहिली नेमणूक इथली. मी तेव्हा पहिलीत होतो. मग बदल्या झाल्या, आणि नोकरीची शेवटची वर्षं त्या पुन्हा इथेच आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा वर्गात जागा नव्हती, आम्ही या पडवीत बसायचो. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा बाक जास्त आणि पोरं कमी. पोरं गेली कुठे? माझ्या व्हॅनमध्ये गेली. रत्नागिरीतल्या इंग्रजी शाळेत. खोटं कशाला बोलू? माझी आयेशासुद्धा त्यातच.

बाई रागावल्या का? नाही. माझ्यावर नाही, तुमच्यावरही नाही. म्हणायच्या, "सलीम, आपल्यापेक्षा पोराचं बरं व्हावं असं वाटणं हा काय गुन्हा आहे? ती शाळाही चांगलीच असेल. पण ज्यांना तिथे जाता येत नाही, त्यांच्यासाठी ही उघडी राहू दे." एवढंच मागणं होतं बाईंचं. ही उघडी राहू दे.

पट उरला नऊ. खलाशांची पोरं, आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या बहादूरची दोन पोरं, अशी नऊ. दहाच्या खाली पट गेला की शाळा पुढच्या गावात मिसळणार, अशी बोलणी सुरू झाली. पुढचं गाव म्हणजे कातळावरून पाऊण तास पायी. पावसात सहा वर्षांचं पोर जाईल का हो? नाही जाणार. घरी बसेल.

मग कळलं, पट तपासायला साहेब येणार. आणि मी माझी अक्कल चालवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! त्या दिवशी व्हॅन शहराकडे न नेता सरळ इथे आणली. अकरा पोरांचे टाय काढले, खिशात कोंबले आणि त्यांना वर्गात नेऊन बसवलं. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न.

बाईंनी पोरांच्या हातात गोष्टींची पुस्तकं दिली. साहेब आले, डोकी मोजली, खूश झाले. "वा बाई, पट वाढला की!"

बाई म्हणाल्या, "नाही साहेब. माझी नऊ. ही अकरा पाहुणी आहेत, आज आमच्याकडे वाचायला आलीत."

साहेबांनी नऊ लिहिले. ते गेल्यावर मी बाईंवर ओरडलो. होय, बाईंवर! "वाचत होती शाळा, तुम्ही घालवलीत!"

"अरे मेल्या," बाई म्हणाल्या, "शाळेत बसून पोरं खोटं शिकली, तर ती शाळा वाचवून मी करू काय?"

मी मान खाली घालून व्हॅन काढली. आणि शहरातल्या शाळेत उशीर का झाला विचारल्यावर काय सांगितलं? टायर पंक्चर झाला. बघा, इतक्या लवकर शिकतो मी!

मे महिन्यात बाई घरोघर फिरल्या. उन्हात, एकट्या, पिशवीत प्रवेशाचे अर्ज घेऊन. माझ्याकडेही आल्या. माझ्या बायकोने, शबानाने, चहा केला. बाईंनी आयेशाकडून वाचून घेतलं, शाबास म्हणाल्या आणि निघाल्या. अर्ज पिशवीतून बाहेर काढलाच नाही. मला राहवलं नाही. फाटकाशी गाठून विचारलं, "बाई, सगळ्यांची पोरं मागता, माझी का नाही मागितली?"

बाई म्हणाल्या, "तू त्या शाळेची व्हॅन चालवतोस. तुझीच पोर काढलीस तर ते तुला ठेवतील? माझ्या दहाव्या मुलासाठी तुझी चूल विझवू होय?"

मंडळी, त्या पुढच्या घरी गेल्या. मी फाटकाशी उभा राहिलो. तेव्हाच हाक मारायला हवी होती. नाही मारली. भ्यायलो मी.

परवा, बाईंच्या मातीवरून परतल्यावर, त्या शाळेच्या मालकांना सांगून आलो. आयेशाचं नाव काढतोय, मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते अजून काही बोललेले नाहीत. सोमवारपासून पोर इथे येईल, पटावरची दहावी. इथे शिक्षिका एकच होती, ती गेली. नवीन कोण येणार, कधी येणार, येणार की नाही, कोणालाच माहीत नाही. रात्री आयेशाने विचारलं, "अब्बा, मी गेल्यावर तिथे मला शिकवणार कोण?"

तोच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्याचं उत्तर मी एकट्याने देऊ शकत नाही. आता आपण दोन मिनिटं उभे राहू. समोर ही पोरं आहेत, त्यांच्याकडे बघत उभे राहू. मान खाली घालू नका.

बाई, तुमच्या घरच्या रीतीने निरोप देतो. जय भीम.