अकरा वेळा तोडलेली द्राक्षं

...परत अडकला! नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, हसण्यासारखं ह्यात काहीही नाही! ट्रॅक्टर वेलींच्या रांगेत अर्धा आत अर्धा बाहेर, एक पक्षी आभाळात उडता उडता तिथंच टांगलेला, स्पीकरमधून नुसतं घर्रर्रर्र... आणि खुर्चीत आमचे आप्पा, वय वर्षं शहात्तर, माऊस हातात धरून माझ्याकडे बघतायत. नुसते बघतायत! जसा काही तो पक्षी मीच वर धरून ठेवलाय! अहो, बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत मी! नाशकात, अंबडच्या एमआयडीसीत! कंपनीत दोनशे टनी प्रेस बंद पडली ना, तर साहेब आधी मला फोन करतो, नंतर देवाचं नाव घेतो. आणि घरात एक गेम, पोराटोरांचा गेम, तो माझं ऐकेना!

थांबा, गेम कुणाचा ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या माणसाला ह्या वयात हे काय सुचलं. माझा नाही हो. आप्पांचा! माझ्या वडिलांचा! दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे, ती आता धाकटा भाऊ वाल्मीक बघतो, पण आप्पा काय ऐकतायत? रोज बागेत. गेल्या वर्षी ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाय गेला, पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उंचसखल जमिनीवर पाय ठेवायचा नाही, परत पडले तर उठणार नाहीत. म्हणून मी इकडे घेऊन आलो. लिफ्ट आहे, संडास घरात आहे, गुळगुळीत फरशी आहे, आणखी काय पाहिजे माणसाला? तर चार महिने हा माणूस माझ्याशी दोन शब्द बोलला. एक "हं" आणि एक "नको". जेवताय का? हं. फिरायला जायचं? नको. टीव्ही लावू? नको. चार महिने! तेजस्विनी, म्हणजे माझी बायको, ती म्हणायची, "अहो, भिंतीशी तरी बोलतील एखाद दिवशी." नाही बोलले. भिंतीशीसुद्धा नाही.

मग जूनमध्ये आमची मुलगी संजना पुण्याहून आली. तिचा जुना कॉम्प्युटर इथंच पडलेला, तिनं त्यात शेतीचा एक गेम टाकला आणि आजोबांना समोर बसवलं. गेममध्ये परदेशातलं एक गाव, लाल कौलांची घरं, आणि उतारावर द्राक्षाची बाग. आप्पा दहा मिनिटं नुसते बघत बसले. आणि अकराव्या मिनिटाला म्हणाले, "कोन येडा हाय हा? दोन येलीत एवढं अंतर सोडतंय का कुनी?" तुम्हाला सांगतो, मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो, पेला हातातून सुटला. चार महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य!

तेव्हापासून घर बदललं. सकाळी सहाला अंघोळ, टोपी, आणि "चला, बागेत जायचंय" म्हणत हॉलमधून बेडरूममध्ये! मी संध्याकाळी कंपनीतून आलो की बूट काढायच्या आत मला रिपोर्ट. "म्हेशा, आज खालच्या वावरात खत टाकलं. म्हेशा, तो शेजारचा गोरा लय आळशी हाय, त्याचं गवत बघ." वॉचमनला माहीत, दूधवाल्याला माहीत, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाला माहीत, आप्पांची बाग कुठवर आली. आणि मला... खोटं कशाला बोलू... मला बरं वाटायचं. आयुष्यात कधी एवढं बोलला नव्हता हा माणूस माझ्याशी.

आणि दसरा झाला, आणि ह्या गेमला धाड भरली! द्राक्षं तयार. आप्पा म्हणाले, "दसऱ्याला द्राक्ष? आपल्याकडं आत्ता कुठं छाटण्या चालू हायेत. असंल बाबा तिकडची तऱ्हा." तोडणीचं मशीन काढलं, बागेत घातलं, वीस मिनिटं झाली आणि खट्! सगळं थिजलं. पक्षी टांगलेला. घर्रर्र. बंद करून परत लावलं, तर द्राक्षं जशीच्या तशी वेलीवर! म्हटलं, आप्पा, मधेमधे सेव्ह करत जा, हे बटण दाबायचं, म्हणजे केलेलं काम राहतं. तर म्हणाले, "तोडलेला घड तोडलेला असतोय. बटन दाबून काय तोडायचंय त्याला?" मी म्हटलं, मी दाबतो. तर माझा हात झटकला. "कामात मधी मधी करू नको!" अकरा वेळा, अहो अकरा वेळा त्या माणसानं तीच द्राक्षं तोडली!

अकराव्या वेळी माऊस खाली ठेवला, टोपी काढली, आणि म्हणाले, "वाल्मीकला फोन लाव. रईवारी गाडी घिऊन ये म्हनाव. मला गावाला जायचंय. तिथं तोडलेला घड माघारी येलीला तरी लागत नाय." आणि पिशवी भरायला घेतली! धोतर, कंगवा, गोळ्यांचा डबा! बुधवार होता तो. म्हणजे माझ्या हातात चार दिवस. परत तिथं जाणार, परत बागेत फिरणार, परत पडणार... माझं डोकंच सणकलं. म्हटलं, एका गेमपायी माझा बाप पडणार? बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत मी! बघतोच!

संजनाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. दबक्या आवाजात म्हणते, "पप्पा, ग्राफिक्स लो करा ना, इट्स सिंपल." सिंपल! केले लो. तर बागेची निम्मी पानं गायब! आप्पा धावत... धावत म्हणजे काठी टेकत... आले, "म्हेशाऽ! पानगळ झाली! काय फवारलंस तू?" परत हाय केले. मग गेमच्या कंपनीला इंग्रजीत मेल टाकला, रात्रंदिवस सेवा म्हणे त्यांची. उत्तर काय, तर तुमचा अनुभव आमच्यासाठी फार मोलाचा आहे. अरे माझा अनुभव मोलाचा असेल रे, माझ्या बापाची द्राक्षं वाया चाललीत! मग गेम काढून टाकला आणि परत भरला. एवढा मोठा तो गेम, माझ्या फोनचं नेट संपलं, तेजस्विनीचं संपलं, शेवटी आप्पांच्या फोनचं जोडलं, म्हणजे ज्याची बाग त्याचंच पाणी. लागला! वीस मिनिटं! खट्!

आमचे सोसायटीचे चेअरमन खंडेराव, ते बारशाला आलेले असले तरी सल्ला देतील. दारात उभे राहून म्हणाले, "महेशराव, व्हायरस आहे. फॉरमॅट मारा." म्हटलं, काका, फॉरमॅट मारला तर बागच जाईल. तर म्हणतात, "मग नवी लावायची. काय खऱ्या वेली आहेत का?" आतून आप्पांचा आवाज, "कोन हाय रं तो? त्याला आत घिऊ नको!"

मग मी ठरवलं, हे सॉफ्टवेअरवाल्यांचं काम नाहीच. हे इलेक्ट्रिकल आहे! कंपनीतून मीटर आणला. प्लगमध्ये घातला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेज! सापडला म्हटलं चोर! बिल्डिंगचं अर्थिंगच मेलेलं! गुरुवारी रजा टाकली, पार्किंगमध्ये जाऊन जुना खड्डा उकरला, कोळसा घातला, मीठ घातलं, पाणी सोडलं, नवी पट्टी टाकली. खंडेराव वरून ओरडतायत, "अहो, माझी गाडी कुठं लावू?" म्हटलं, लावा हवी तिथं, इथं माझ्या बापाचा प्रश्न आहे! बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत मी, पण असं देखणं अर्थिंग कंपनीतसुद्धा केलं नव्हतं. तळमजल्यावरच्या लताबाईंना दोन वर्षं गिझरचा झटका बसत होता, तो थांबला. त्या पेढे घेऊन आल्या! लिफ्टची कुरकुर थांबली, पंपाची मोटर शांत झाली, अख्ख्या बिल्डिंगचं भलं झालं... आणि आमचा ट्रॅक्टर? वीस मिनिटं. खट्. पक्षी तिथंच! त्या पक्ष्याला एव्हाना मी ओळखायला लागलो होतो हो, कुठं भेटला असता तर मान मुरगाळली असती!

शुक्रवारी मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासली, परत बसवली. खट्. आणि शनिवार उजाडला. आप्पांनी पिशवी दाराशी आणून ठेवली. तेजस्विनी म्हणाली, "अहो, लोकांच्या मशिनी दुरुस्त करता ना तुम्ही? तुमची दुरुस्त करणारं कुणी असेल की! न्या तिकडे." लागलं मला. पण नेला. पवननगरला अंजली मॅडम म्हणून आहेत, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आवाज शांत, चष्मा नाकावर. मी स्कूटर चालवतोय, मागे तेजस्विनी, मधे सीपीयू, त्याच्यावर तिनं भरतकाम केलेला अभ्रा, अगदी नवरीसारखा झाकून! मॅडमपुढे ठेवला आणि सांगितलं, हे बघा, पॉवर मी तपासलीय, अर्थिंग मी केलंय, मेमरी मी घासलीय, तुम्ही फक्त बोर्डाचं बघा, कारण बावीस वर्षं... त्या म्हणाल्या, "दादा, बाजूचं झाकण उघडलं होतंत ना, तेव्हा पंख्याकडे पाहिलं का?" म्हटलं, पंख्याचं काय पाहायचं, फिरत होता की! थोडा हळू... पण फिरत होता.

त्यांनी चार स्क्रू काढले. आत टॉर्च मारला. मग चिमटा घेतला. आणि चिमट्यानं काढायला लागल्या... झेंडूची पाकळी. आणखी एक. आणखी एक. मग तांदूळ. अहो तांदूळ! मग लालपिवळा चिखल, पंख्याच्या मागच्या जाळीत घट्ट बसलेला. वर उदबत्तीची राख. मॅडमनी चष्मा वर केला आणि अगदी हळू विचारलं, "दादा... ह्याची पूजा केली होती का?"

केली होती! खंडेनवमीला! आप्पा म्हणाले होते, "दर वर्साला ट्रॅक्टरची पूजा करतो आपन. औंदा माझा ट्रॅक्टर ह्याच्यात हाय. ह्याची करा." मग मी अर्धवट करतो का काय? कंपनीत सगळ्या मशिनींची करतो मी, तशीच साग्रसंगीत केली. स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, वरच्या जाळीवर अक्षता टाकल्या, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं, झेंडूचा जाड हार मागून पुढून गुंडाळला. आणि कॉम्प्युटर चालू ठेवून! बंद मशीनची कसली पूजा, म्हटलं! पंखा सगळा प्रसाद आत ओढत होता! वर तेजस्विनीनं अभ्रा घातला, फुलांचा कचरा नको म्हणून, आणि ढकलला कोपऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "ह्याला श्वासच घेता येत नव्हता. वीस मिनिटांत तापायचा आणि थांबायचा. बिचारा." बिचारा! मला काय वाटलं असेल सांगा! कंपनीत प्रत्येक पॅनेलवर पाटी आहे, "पंख्याच्या जाळीवर काहीही ठेवू नये. हुकमावरून, मेंटेनन्स विभाग." हुकूम कुणाचा? माझा! गेल्या दसऱ्याला आमच्या हेल्परनं, चिमाजीनं, पॅनेलच्या पंख्यावर हार टाकला, तर त्याच्याकडून मी लेखी खुलासा घेतला होता, दोन पानी! बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत मी... आणि मॅडमनी ते सगळं एका ब्रशनं चहा येईपर्यंत साफ केलं!

घरी आणला, लावला. वीस मिनिटं... मी श्वास रोखून उभा... एकवीस... तीस... चाळीस! पक्षी उडून गेला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं जा बाबा, सुखी राहा! रविवारी वाल्मीक गाडी घेऊन हजर. आप्पांनी मान वळवली नाही. "तोडनी चालू हाय. आत्ता कसा यिऊ? मानसं कुठं हायेत?" वाल्मीक चहा पिऊन गेला परत.

माझं काम फत्ते, नाही का? मी पाय पसरून बसलो. तर हाक, "म्हेशा! रिकामा बसलास व्हय? ये इकडं. तोडनी मी करतो, ट्रॉली वायनरीला तू पोचीव." ज्या बागेतून, आप्पांच्या ओरड्याला कंटाळून, चोविसाव्या वर्षी मी अंबडला पळालो, त्या बागेत सेहेचाळिसाव्या वर्षी परत मजुरीला! बसलो खुर्चीत. पोचवली ट्रॉली. म्हणजे गेटपर्यंत. गेटवर वळण होतं हो... उलटली. अख्खी. अकरा वेळा तोडून बाराव्या वेळी हाताला लागलेली द्राक्षं, सगळी ओढ्यात!

आप्पा काही ओरडले नाहीत. दोन भाकरी खाल्ल्या, पाणी प्याले, आणि तेजस्विनीला म्हणाले, "ह्याला उद्यापासनं कामाला सांगू नको. ह्याच्याच्यानं व्हायचं नाय. वाल्मीकला इचारून दुसरा मानूस बघतो."

घर माझं, कॉम्प्युटर माझ्या पोरीचा, बाप माझा... आणि मला कामावरून काढलं. असो. तुमच्यापैकी कुणाची बाग असेल, खरी नाहीतर कॉम्प्युटरमधली, आणि माणूस लागत असेल, तर सांगा. संध्याकाळी सातनंतर मी मोकळाच असतो.