दुकानात ‘हं’ म्हणायचं नाही

नाही, नाही, नाही, तुम्ही बोलूच नका! हात जोडतो तुमच्यापुढं. बसा, पाय पसरा, आरशात बघा, पण बोलू नका... कारण तुम्ही बोललात की मला काहीतरी म्हणावं लागणार, आणि जन्मभर मी जे म्हणत आलो ते म्हणायची मला आता बंदी आहे, म्हणजे मग वाक्यं बोलावी लागणार, अख्खी वाक्यं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही!

बाकावरच्यांनो, तुम्हीही ऐकून घ्या, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. या दुकानाचं नाव कशावर होतं? गप्प न्हावी! चौकातला तो दुसरा आहे ना, तो बोलतो. हवा, राजकारण, तुमच्या मेव्हण्याचा घटस्फोट, सगळ्यावर बोलतो, आणि बोलण्याच्या नादात एका बाजूचा कल्ला वर नि एका बाजूचा खाली. माझ्याकडे माणूस यायचा तो स्वतः बोलायला. बायको माहेरी गेली... हं. म्हणजे मी तेव्हा म्हणायचो, आता म्हटलं ते फक्त दाखवायला, धरू नका! बढती दुसऱ्यालाच मिळाली... तेच. माणूस मोकळा होऊन जायचा, वर केसही कापलेले असायचे! लोक म्हणायचे, ‘काय ऐकून घेतात हो!’ अहो, कसलं ऐकून घेतोय? माझा सगळा जीव तुमच्या कानामागं! ऐकत बसलो असतो तर अर्धं शहर एका कानानं फिरलं असतं. रिकामा डबा होता तो माझा, झाकण तेवढं छान वाजायचं.

तर आमची मुलगी.

पोरगी लहानपणापासून उद्योगी. पहिली कंपनी काढली ती आमच्या स्वयंपाकघरात. दूध उतू जायच्या आधी शिट्टी मारणारं यंत्र! ते शिट्टी मारायचं, नाही असं नाही, पण दूध ओट्यावरून खाली उतरल्यावर. मुलगी म्हणायची, ‘आई, ते अजून शिकतंय.’ हिची आई म्हणाली, ‘शिकू दे की, पण त्याच्या शिक्षणाचा ओटा मी का पुसायचा?’ बंद. दुसरी कंपनी, आरशाची. समोर उभं राहिलं की कुठला सदरा शोभतो ते सांगणार. ते सगळ्यांना एकच सांगायचं, ‘हा काढा, दुसरा घाला.’ शेजारचे मास्तर बिचारे भिडस्त, काढत गेले, काढत गेले, शेवटी बनियनवर उभे राहिले, तर यंत्र म्हणतं, ‘हाही काढा!’ बंद. मग तिसरी कंपनी. काचेचं ऑफिस, चाकांच्या खुर्च्या, दारावर पाटी, कृत्रिम बुद्धिमत्ता. हिची आई पाटी वाचून म्हणाली, ‘कृत्रिम का असेना, घरात एकाला तरी आली!’ मी काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही.

माझं दुःख वेगळंच होतं. या पोरीच्या केसांना माझ्याशिवाय कुणी कात्री लावलेली नाही. या खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवायचो तिला, तेव्हापासून. पण या तिसऱ्या कंपनीपायी तिला सवडच नाही. फोन केला की, ‘बाबा, हे एकदा मार्गी लागू दे, मग येऊन बसते.’ आणि केस? अहो, कपाळावरची बट डोळे झाकून नाकापर्यंत आली! मोठमोठ्या लोकांसमोर भाषणं करते, आणि पडदा बाजूला सारल्यासारखे केस सारून बघते, कोण आलंय! न्हाव्याची मुलगी! मला चौकातून मान वर करून जाता येईना.

आणि मार्गी काही लागेना. कारण तिचं यंत्र फोनवर बोलायचं. विमा कंपनीला लोकांचे फोन येतात ना, ते हे उचलणार. बोलायला पटाईत, फारच पटाईत! माणूस रडवेला होऊन म्हणायचा, ‘अहो, माझी गाडी...’ की ते लगेच, ‘नव्या गाडीबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अहो, ती गाडी झाडाला चिकटलेली! विमा कंपनीच्या मोठ्या बाई भडकल्या. म्हणाल्या, शेवटची संधी.

त्या दिवशी मुलगी घरी आली, जेवायला बसली आणि बोलत सुटली. ‘आई, या वेळी बाईंनी नाही म्हटलं तर कंपनी बंद. पुन्हा नाही काढणार. कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरीन.’ हिची आई म्हणाली, ‘तुझ्या हाताखालचीच माणसं टिकत नाहीत, तू कुणाच्या हाताखाली काय टिकणार?’ मुलगी बोलतेय, रडतेय, जेवतेय, सगळं एकदम, आणि मी आपला मध्ये मध्ये... तेच. जे म्हणायचं नाही ते. आणि एकाएकी तिचा घास हवेत थांबला. केसांतून माझ्याकडं बघत म्हणाली, ‘बाबा, परत म्हणा.’

मी म्हटलं, ‘काय?’

‘हे नाही. याच्या आधीचं!’

झालं. दुसऱ्या दिवशी ही खुर्ची, होय हीच, निघाली तिच्या ऑफिसात. लिफ्टमध्ये मावेना, तर तिची पोरं जिन्यानं घेऊन गेली. बोटांनी बटणं दाबण्यापलीकडं त्यांनी काही उचललेलं नाही, प्रत्येक वळणावर चर्चा, कुठून धरायचं! त्यांचा म्होरक्या एक दाढीवाला इंजिनिअर. त्याची दाढी डावीकडं बोटभर खाली. बोटभर! तो मला सांगत होता, ‘काका, आम्ही तुमच्या ऐकण्याचा आकृतिबंध पकडणार,’ आणि माझ्या हाताला नुसती खाज. काचेच्या खोलीत खुर्ची मांडली, माझ्या सदऱ्याला बोंडाएवढा माईक लावला, आणि मुलगी म्हणाली, ‘बाबा, वेगळं काही करायचं नाही. दुकानासारखंच.’

मी दुकानासारखंच केलं! एकेक जण येऊन बसला, मी कापत गेलो, ते बोलत गेले. एकानं त्याच्या वरच्या साहेबाबद्दल मन मोकळं केलं, आणि तो साहेब काचेपलीकडं नंबर लावून उभा, त्याला याच्याबद्दल बोलायचं होतं! एकजण कल्ले होईतो म्हणाला, मला खरं तर मधमाश्या पाळायच्या होत्या, आणि मानेवर पावडर लावेपर्यंत राजीनामा देऊन मोकळा! मुलगी धावत आली, ‘बाबा, केस कमी करा, माणसं कमी करू नका!’ आता माझा काय दोष? मी एक शब्द बोललो होतो का? तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही!

पण एक गोष्ट त्या हुशार पोरांच्या ध्यानात आली नाही. न्हावी काय नुसता तेवढंच म्हणतो का? कापताना आणखीही काही म्हणावं लागतं की नाही? यांनी माझ्या तोंडचं सगळं, गाळणी न लावता, यंत्राला पाजलं.

बाई आल्या त्या दिवशी मुलीनं मला शेजारी बसवलं होतं. बाई म्हणजे... अंबाडा असा घट्ट, की एक केस जागचा हलायची टाप नाही. तोंड म्हणजे दुकानाचं बंद शटर. फोन हातात घेतला आणि परीक्षा घेतल्यासारखं म्हणाल्या, ‘माझ्या गाडीला अपघात झालाय.’

फोनमधून आलं... तेच! माझ्या आवाजात! मी दचकून मागं बघितलं, मीच उभा आहे की काय!

‘समोरच्यानं धडक दिली.’

पुन्हा तेच. मुलीनं माझा हात दाबला. जमलं, म्हणे.

‘नुकसान बरंच आहे.’

आणि यंत्र म्हणालं, ‘मान खाली.’

अहो, खोलीत माशी असती तर तीही थांबली असती! दाढीवाला पांढरा पडला. मुलीनं डोळे मिटले असणार, केसांमुळं दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘काय म्हणालात?’ आणि ते आपलं शांतपणे, ‘खाली... अजून... हां. आता हलू नका.’

आणि तुम्हाला सांगतो, बाईंनी मान खाली घातली!

घालणारच हो! त्या आवाजाला माणसाची मान लहानपणापासून सरावलेली असते. बाई फोन कानाला लावून, मान खाली घालून, अजिबात न हलता बसल्या. जरा वेळानं त्यांचा आवाज आला, अगदी वेगळाच, ‘गाडी जाऊ दे हो... दिवसभर सगळे माझ्यासमोर मान खाली घालून बसतात... मला कुणी म्हणतच नाही, जरा स्वस्थ बस...’ आणि मग जे सुरू झालं! सासूपासून गुडघ्यापर्यंत! सगळ्यांपुढचा चहा गार झाला. शेवटी यंत्र म्हणालं, ‘झालं. आरशात बघा.’ बाईंनी खरंच समोरच्या काचेत बघितलं हो! अंबाड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘छान.’

दाढीवाला पुढं सरसावला, ‘मॅडम, ती मानेची चूक आम्ही लगेच दुरुस्त...’ बाई म्हणाल्या, ‘दुरुस्त केलीत तर याद राखा!’ सह्या झाल्या. कंपनी तरली. मुलीनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. तिचे केस माझ्या तोंडात गेले, पण मी काही बोललो नाही.

आता कुणाच्याही घरात डोकावा, गाडी ठोकलेला माणूस फोन कानाला लावून मान खाली घालून बसलेला दिसेल. पण त्या करारात एक कलम. तो हुंकार म्हणे आता विकला गेला, दुसऱ्या कुठल्या धंद्यात वापरायचा नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुमचं दुकान हा धंदाच की. दुकानात ‘हं’ म्हणायचं नाही.’ मी म्हणणार होतो... तेच म्हणणार होतो! हिची आई लगेच, ‘आणि घरात?’ मुलगी म्हणाली, ‘घरात चालेल, आई.’ ‘चालेल काय चालेल? अख्खा संसार केला मी त्या हुंकाराशी! घरातही बंद! आता बोला म्हणावं!’

असा मी बोलायला लागलो.

आणि परवा मुलगी आली. खरंच आली हो, आणि या खुर्चीत बसली. चादर गुंडाळली, पाण्याचा फवारा मारला, फळीवर बसायची तेव्हासारखी नाक मुरडून हसली. म्हणाली, ‘बाबा, फार दमले हो...’ आणि थांबली. का थांबली? तिथं ते लागतं ना! मी ओठ घट्ट मिटून उभा. मग म्हटलं, ‘मग?’ ती म्हणाली, ‘पोलिसासारखं वाटतंय.’ ‘असं का?’ म्हटलं. ‘शेजारणीसारखं वाटतंय.’ ‘बरं बरं’ म्हटलं. ती म्हणाली, ‘राहू द्या, बाबा,’ आणि चादरीखालून हात काढून तिनं फोन त्या पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला. बटण दाबलं.

‘हं.’

माझ्याच दुकानात! माझ्याच आवाजात! आणि पोरगी अशी मोकळी झाली... किती भ्यायली होती, लिफ्टमध्ये एकटीच कशी रडायची, तिसरीही बुडाली तर बाबांना तोंड कसं दाखवू... आणि गंमत बघा, मी ऐकत होतो. या खुर्चीमागं उभा राहून पहिल्यांदाच, शब्द न शब्द! तिची बट तिरकी कापली गेली ती त्यामुळंच. मी म्हटलं, ‘अगं, मान खाली कर, डोळ्यांत केस जातील.’ लक्षच नाही! फोन म्हणाला, ‘मान खाली,’ तर लगेच खाली! मला राहवेना. म्हटलं, ‘अगं पोरी, इतकी घाबरली होतीस तर मला एका शब्दानं...’

तर खालच्या मानेनंच म्हणते, ‘बाबा, जरा गप्प बसा ना. ते ऐकतंय.’

...काय करता? तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा... काय? काय झालं? आरशात काय दाखवताय? एक कल्ला वर गेलाय? जाणारच हो, बोलत होतो ना! थांबा, दुसराही तेवढाच वर घेतो. मान खाली... आणि त्याबद्दल तुम्ही काही बोलू नका.