थाई मालिकेतली म्हातारी

आमच्या लवळ्याच्या घरावर अजून ती डिशची जुनी जाळीची छत्री आहे बघ. वाऱ्यानं ती फिरली आणि टीव्हीवर थायलंडचं चॅनेल लागलं. आधी मालिका, मग बॉक्सिंग. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण आई आणि काकूनं मालिकेची गोष्ट आपापली लावून घेतली.

आई म्हणायची, "ती म्हातारी हिरोची सासू हाय."

काकू म्हणायची, "सासू न्हाई, सख्खी आई हाय."

एवढ्यावरून दोघींनी महिनाभर अबोला धरला. बॉक्सिंग मात्र शेजारी बसून बघायच्या. मी मध्ये पडलो नाही.

मग आमची वरची खोली बघायला कॉलेजातली एक मुलगी आली, थेट थायलंडची. खोली राहिली बाजूला, आईनं तिला आधी टीव्हीपुढं बसवलं. काकूही येऊन बसली. मुलीनं दहा मिनिटं नीट बघितलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "सास नहीं, माँ भी नहीं. घर में खाना पकाती है."

मुलगी गेल्यावर आई महिन्यात पहिल्यांदाच काकूशी बोलली. "पोरगी गुणाची हाय. खोली देऊ तिला."

काकू म्हणाली, "व्हय. पण थाई काय तिला धड येत न्हाई."