सशांचं सोवळं

आमच्या सशांच्या सोवळ्याचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. माझी लेक राणी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचे दोन ससे, धवल्या अन् चंपी, पांढुर्ण्याला माझ्याजवळ राहिले. धवल्याला हगवण लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आतड्यात बारीक जंतू झालेत. लेंड्यांतून दुसऱ्यालाही लागतात. दोघांना वेगळं ठेवा, औषध द्या अन् पिंजरा रोज उकळत्या पाण्यानं धुवा."

वेगळं ठेवणं मला काय नवीन? धवल्याचं सगळं आटोपलं की मी आंघोळ करायची, साडी बदलायची, मगच चंपीला चारा. राणीचे बाबा हसायचे, "काय वं, आता सशांचंही सोवळं पाळून राहिली का?" तरी मी धवल्यासाठी मारुतीचे शनिवार धरलेच.

एरवी राणीचा फोन रविवारचा. आता सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. "आई, खाऊन राहिला का तो? दाखव ना. अन् तू जेवली का?" चंपी जाळीला नाक लावून धवल्याची वाट पाहायची, मी फोनची.

शेवटी डॉक्टरांनी होकार दिला आणि दोघं पुन्हा एका ताटलीत गवत खाऊ लागले. राणी फोनवर ओरडलीच, "वाचला गं आई! आता काळजी मिटली."

मग फोन पुन्हा रविवारवर गेला.

शनिवारी नारळ फोडला आणि मारुतीला म्हटलं, "देवा, ऐकलंस, तुझे उपकार. जरा सावकाश ऐकलं असतंस, तरी चाललं असतं."