चर्चच्या वळणावरची चेन

एर्सिलियाला पहिली नात झाली, त्या वर्षीच्या एप्रिलात ती नोली गावच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत होती. शेजारी दोन म्हातारे सायकलफेरीचा नकाशा मांडीवर पसरून बसले होते.

“समुद्राकाठाने जायचं, डोंगरावरून परत यायचं.”

“ओविदिओ, तुझं हृदय आत्ताच शिवलंय. चढावर उतरून चाल.”

“चढावर पाय टेकवू? सगळं गाव हसेल!”

“मग घरी बस.”

“तू टेकवशील, तेरेन्झिओ?”

“मी? चाळीस वर्षांत टेकवला नाही, लेका.”

“मग मीही नाही.”

“बरं बाबा. चर्चच्या वळणावर माझी चेन पडेल.”

“बसवायला किती वेळ लागेल?”

“तुझा दम परत येईपर्यंत.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“चेन जुनी आहे. दरवर्षी पडेल.”

ओविदिओ त्यानंतर अकरा वर्षांनी, सप्टेंबरात वारला.