लॉरीत चढायचं तर पाय पुसून

...नाही, म्हणजे मी कजाग! बायांनो, तुम्हीच सांगा, धुळ्याहून निघालेली लॉरी पाचोऱ्याला पोचेस्तोवर माणसाच्या भुवया धुळीनं पांढऱ्या होतात, हे खोटं का? आमचा धंदा कपड्याचा. पुढं सत्तारभाई लॉरी हाकणार, मागं फळ्या ठोकून केलेली खोली, खोलीच्या निम्म्यात लुगड्यांचे गठ्ठे आणि निम्म्यात माझा संसार! मग झाडायचं कुणी? मीच. पुसायचं कुणी? मीच! एका बाजाराची धूळ काढते तोवर पुढल्या बाजाराची आत येते... म्हणून एकच कायदा केला: वहाणा खाली, पाय पुसून वर!

तर आमचे हे काय म्हणाले? "अगं, ही लॉरी आहे, देवघर नाही!" सत्तारभाई हसून म्हणतो, "भाभी, मशिदीतबी चपला काढतो, लॉरीतबी काढतो, मग घालू कवा?" गिऱ्हाईकं हसतात, बाजार हसतो. हसा म्हटलं! वहाणा खाली, पाय पुसून वर!

आणि त्या श्रावणात, तुम्हाला सांगते, शिंदखेड्याच्या बाजाराला निघालो. नरडाणा मागं पडलं न् काळ्या मातीचा असा चिखल, असा चिखल, की बैलाचं पाऊल रुतलं की निघेना! भर दुपारी पाहते तर रस्त्यात एक बैलगाडी आडवी, चाक मोडलेलं, आत एक पोरगी कळा देतेय, आणि तिची सासू भिकुबाई लॉरीपुढं हात पसरून उभी, "थांबा वो माय! मनी सूनले कळा लागन्यात! आठे बठ्ठा चिखल शे, पोरगी कोठे निजाडू?"

हे गठ्ठ्यांकडं बघायला लागले... कोरा माल! ओल्या हातानं गिऱ्हाइकाला शिवू न देणारा माणूस हो! मी म्हटलं, "बघता काय? गठ्ठे सारा!" आणि फळी उघडली. भिकुबाई स्वतः सुईण, चाळीस बाळंतपणं केलेली. तिनं आत मान घातली, फळ्यांवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाली, "माय वं! मना घरबी इतलं चोखं नही!"

बायांनो, ऐकलंत? चाळीस बाळंतपणांची सुईण!

मग काय, पोरीला उचलून आत घेतलं. चुलीवर पाणी ठेवलं. सत्तारभाई बाहेर पाठ फिरवून पडदा धरून उभा, तोंडानं अल्ला अल्ला. पोरीनं माझं मनगट असं आवळलं की हिरवे वळ उठले. तास गेला, दुसरा गेला... मूल काही सुटेना. भिकुबाईचा चेहरा उतरला, मी तर देव पाण्यात घातले. तेवढ्यात हे घाबरेघुबरे पाण्याची बादली घेऊन चढायला लागले, चिखलाच्या जोड्यांनिशी! मी तोंड उघडायच्या आत भिकुबाई कडाडली, "खाले उतर! जोडा काढ! पाय पूस!"

आणि हे उतरले हो! जोडे काढले! पाय पुसले! वर येऊन कोऱ्या मांजरपाटाचा तागा आपल्या हातानं टर्रकन फाडला न् म्हणाले, "हे घ्या, अजून लागलं तर अजून फाडतो."

त्यातच पोरीनं एक जोराची कळ दिली न् टँहँऽऽ! मुलगा! सत्तारभाई पडदा सोडून नाचायला लागला, मी ओरडले, "अरे पडदा!" आणि आम्ही सगळीच हसता हसता रडायला लागलो.

आता धुळ्यापासून पाचोऱ्यापर्यंत बाया माझी लॉरी बघायला येतात, पाय पुसून! पण बारशाला गेले तर काय? माझ्या लॉरीत, धुतल्या फळ्यांवर, कोऱ्या मांजरपाटात जन्मलेलं पोर... भिकुबाईनं नजर लागू नये म्हणून थेट उकिरड्यावरून नाव ठेवलं. उखर्डू!

जाऊ द्या, मीच पाळणा हलवला.